गाळलेला एल

"मिस्टर खले, तुमचं अक्षर सुरेख आहे आणि तुम्हाला आमची भाषा येत नाही," मार्गेदबाई म्हणाल्या. "हे दोन्ही गुण एका माणसात मिळणं कठीण. बसा."

मी बसलो. बुधवारची दुपार होती. बुधवारी नांतगारेगचं पोस्ट दोनला बंद होई आणि काउंटरमागच्या खोलीत चहा होई. मी या पोस्टमास्तरीणबाईंच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. साल १८९२, मे महिना. आमच्या संस्थानच्या दिवाणसाहेबांनी कुठंतरी वाचलं होतं की वेल्समध्ये घरांवर पाटीच्या दगडाच्या पातळ चिपा घालतात आणि त्या शंभर वर्षं गळत नाहीत. झालं, हेदवीच्या खळ्यांच्या मुलाला बोटीत बसवून वर्षभर दगड बघायला धाडलं. पुढं संस्थानात जिकडेतिकडे पत्रेच बसले, पण त्याला मी काय करणार!

बाईंनी माझ्यापुढं कागदांची चळत ठेवली. "हे उतरून द्यायचं. जसंच्या तसं. आणि कुणाला सांगायचं नाही."

"काय आहे हे?"

"कविता."

"कुणाची?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं दौत पुढं ओढली.

त्या मुलखात गावोगाव कवितेचं आणि गाण्याचं संमेलन भरतं. त्याला ते आयस्तेध्वोद म्हणतात. मला तो शब्द नीट म्हणायला तीन आठवडे लागले, तोवर मी नुसतं 'तुमचं ते' म्हणत असे. दिवसभर खाणीत दगड फोडणारी माणसं घरी येऊन हातपाय धुतात आणि वृत्तं जुळवत बसतात. जो पहिला येईल त्याला खरीखुरी लाकडी खुर्ची मिळते. यंदाची खुर्ची सुताराच्या खिडकीत मांडून ठेवली होती. ओकच्या लाकडाची, उंच पाठीची, हातांवर वेली कोरलेली. येणारा-जाणारा तिच्यापुढं क्षणभर थांबे आणि आपण तीत कसे दिसू याचा अंदाज घेऊन पुढं जाई.

यंदाचा विषय होता 'हात'. कविता टोपणनावानं पाठवायची, खरं नाव वेगळ्या बंद पाकिटात. परीक्षकाला कवी कोण ते कळू नये एवढ्यासाठी हा खटाटोप. पण अर्ध्या गावाची पत्रं मार्गेदबाईच लिहून देत, त्यामुळे त्यांचं अक्षर न ओळखणारा माणूस गावात एकच होता, आंधळा सायमन.

"ओळखलं तर काय बिघडलं?" मी विचारलं.

बाईंनी किटलीवर टोपी चढवली. "दोन वर्षांपूर्वी मी पाठवली होती. तेव्हा 'घर' असा विषय होता. परीक्षक हेच, आमचे पाद्री प्रिचर्डसाहेब. भर मांडवात म्हणाले, या कवितेला चुलीचा वास येतो. लोक हसले. नाव कुणी घेतलं नाही, पण बघत सगळे माझ्याकडेच होते. अकरा वर्षं मी या काउंटरमागं उभी आहे, मिस्टर खले. मला ती खुर्ची हवी आहे. आणि त्यांनीच मला हाताला धरून तीत बसवायला हवं आहे."

एवढं सरळ कुणी काही मागितलं की माझ्यासारख्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय त्या बाईंचे माझ्यावर उपकार होते. बोटीतून उतरल्यापासून मी केल झालो होतो, कॅली झालो होतो, एका ठिकाणी तर मिस्टर कोल झालो होतो, आणि हा शेवटचा माणूस माझ्या रंगाकडे बघून हसलाही होता. अख्ख्या बेटावर ळ म्हणण्याचा प्रयत्न करणाऱ्या मार्गेदबाई एकट्या. जमत नव्हतं ते सोडा. त्यांच्या भाषेतही एक असाच नाठाळ ल आहे. लिहायला दोन एल जोडून लिहितात. म्हणताना जीभ ल साठी लावायची आणि ल न म्हणता बाजूनं नुसती फुंकर सोडायची. इंग्रजाला तो जन्मात येत नाही. चहा पिता पिता बाई मला फुंकर शिकवत आणि मी त्यांना ळ शिकवी. कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर दोघांना डॉक्टरकडे नेलं असतं.

कविता नव्वद ओळींची होती. एक अक्षर कळत नव्हतं, पण रत्नागिरीच्या शाळेत शुद्धलेखनाचं बक्षीस मिळवलेला मी, नक्षी काढावी तशी ओळ न ओळ काढत गेलो. हात या अर्थाचा शब्द तेवढा मी ओळखू लागलो होतो. दोन एलचा तो शब्द सारखा येई. शेवटच्या पानावर मात्र एका ओळीत तो दोनदा आला आणि दोन्ही वेळा एकाच एलनं. मग अगदी शेवटच्या ओळीत पुन्हा दोन एल. मी मनात म्हटलं, बाईंची घाई झालेली दिसते. हेच पान, हाच शब्द, आणि दोन तऱ्हा? मी शेवटच्या ओळीतला एक एल गाळला. माझ्या परीनं उपकारच केला.

बाईंनी माझी प्रत घेतली आणि ओळींखालून बोट फिरवत ओठातल्या ओठात वाचली. शेवटच्या पानावर बोट थांबलं. त्यांनी मान वर केली.

"मिस्टर खले, तुमच्या घरी भाकरी कोण करतं?"

"आई."

"आणि वडील?"

"ते खातात."

बाई खुदकन हसल्या. टोपणनावाच्या जागी त्यांनी मला एक शब्द लिहायला लावला. त्याचा अर्थ होता 'कोणीतरी'. मग जिभेवर पाकिटाची कड फिरवून त्यांनी ते चिकटवलं, वर शिक्का मारला आणि थैलीत टाकलं. पोस्टाच्या आत बसून पोस्टात पत्र टाकायची ऐट मी तेव्हा पाहिली.

पुढच्या शनिवारी मी दाढी करायला गेलो. गावात आडनावं मोजून चार. एका आळीत सात जोशी निघाले की आपल्याकडे करतात तसं तिथंही माणूस धंद्यावरून ओळखायचा. आमच्या बाई मार्गेद पोस्ट आणि न्हावी ट्वुम वस्तरा. ट्वुम स्वतः कवी होता. मागं जिंकलेल्या खुर्चीतच तो गिऱ्हाईक बसवी, त्यामुळे दाढी करताना माणसाला उगाच मोठं झाल्यासारखं वाटे. कोपऱ्यात त्याची आई कात्रिन मोजे विणत बसलेली असे. वय ऐंशी. पाणी तीच तापवी, केस तीच झाडी, ट्वुमला जेवायला तीच घाली, आणि बोलत मात्र कधी नसे.

"यंदाही मीच," ट्वुम माझ्या गालाला फेस लावत म्हणाला. "माझं टोपणनाव 'डोंगरचा गरुड'. हे गुपित आहे, कुणाला सांगू नका."

"मला काल सुतारानं सांगितलं."

"त्यालाही गुपित म्हणूनच सांगितलं होतं." ट्वुमनं वस्तरा पट्ट्यावर घासला. "तुम्हाला आमची भाषा यायची नाही, साहेब. इंग्रजीत शब्द जागच्या जागी असतो, मुडद्यासारखा. आमचा जिवंत आहे."

"आमचाही बदलतो. घर, घराला, घरात."

"म्हणजे शेपटीकडून बदलतो. आमचा बदलतो तोंडाकडून. आणि तोंड बदललं की बाईचा बुवा होतो!"

"तो कसा?"

"त्याचं आणि तिचं या दोन्हींना आमच्यात शब्द एकच, 'एइ'. मग कळणार कसं? पुढच्या शब्दाच्या तोंडावरून. 'एइ गाथ' म्हणजे त्याचं मांजर. 'एइ खाथ' म्हणजे तिचं मांजर." त्यानं वस्तऱ्याचा हात माझ्या डोळ्यांपुढं नाचवला. "आता हाच हात घ्या. एक एल घालून लिहिलात, 'लाव', तर त्याचा हात. दोन एल घातलेत, 'ह्लाव', तर तिचा."

मी खुर्चीतून उडालो. हनुवटीवर वस्तरा लागला तो व्रण अजून आहे. ट्वुम माफी मागत होता, कात्रिन फडकं घेऊन धावली, आणि मी रक्त पुसत विचारत होतो, "आणि एकाच ओळीत दोनदा एक एल आला तर?"

"हातातून हातात असं म्हणायचं असेल तर येतो. पण ते वेगळं. साहेब, तुम्ही पांढरे पडलात!"

मला पांढरा पडलेला ओळखणारा तो पहिलाच माणूस. पण कौतुक करायला वेळ नव्हता. मी बाईंच्या नव्वद ओळींच्या टोकाला जाऊन बाईचा बुवा करून ठेवला होता.

मी तडक पोस्टात गेलो. बाई तिकिटं फाडत होत्या. मी म्हटलं, "मार्गेदबाई, त्या कवितेत..."

"श्श्! संमेलनाआधी कवितेबद्दल बोललं तर ती पडते. आमच्याकडे अपशकुन मानतात."

"पण माझ्याकडून एक..."

"अपशकुन, मिस्टर खले."

रविवारी प्रार्थनेहून येताना पुन्हा प्रयत्न केला, मंगळवारी जेवताना केला. दोन्ही वेळा तोंडावर बोट. पोस्टात गेलेलं पाकीट परत मागणं हा गुन्हा आहे हेही बाईंनीच मला मागं कधीतरी सांगितलं होतं. दहा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रोज सुताराच्या खिडकीवरून जाताना मी रस्त्याची दुसरी बाजू धरी. ती खुर्ची माझ्याकडे बघते असं वाटे.

जूनच्या पहिल्या सोमवारी खाणीला सुटी होती. मैदानात मांडव उभारला होता. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, आणि बहुतेक बायकांच्या हातात विणकाम. मार्गेदबाई तिसऱ्या बाकावर काळी टोपी घालून, तार द्यायला आल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. गाणी झाली, पाठांतरं झाली. मग प्रिचर्डसाहेब निकाल सांगायला उठले. साहेब उंच, पांढऱ्या कल्ल्यांचे, आवाज असा की डोंगरापलीकडच्या मेंढ्यांनी मान वर करावी. माझ्या शेजारी खाणीतला कारकून बसला होता, तो मला इंग्रजीत सांगत होता.

"अकरा कविता आल्या," साहेब म्हणाले. "त्यांतल्या सहा आल्या नसत्या तरी चाललं असतं."

लोक खूश झाले. दुसऱ्याचे वाभाडे निघताना मांडव जसा रंगतो तसा रंगला. डोंगरचा गरुड उंच उडतो, साहेब म्हणाले, पण खाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ट्वुमनं मान हलवून दाद दिली. "पण एक कविता," साहेबांचा आवाज उतरला, "मी रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. टोपणनाव, कोणीतरी."

ते वाचू लागले. पहाटे विस्तव पेटवणारा हात. पीठ मळणारा हात. खाणीची धूळ सदऱ्यांतून पिळून काढणारा, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकणारा, आणि रात्री दिव्यापाशी दुसऱ्यांची पत्रं लिहिणारा. कुणाचा ते कुठंच म्हटलेलं नव्हतं. साहेबांना कढ येत होता. शेवटच्या पानावर ते थांबले, नाक शिंकरलं आणि वाचलं, "हातातून हातात घर पुढं गेलं, आणि ते कुणी दिलं हे कोणी पाहिलं नाही. त्याचा हात."

त्याचा. मी डोळे मिटून घेतले.

"त्याचा!" साहेब रुमाल काढून म्हणाले. "मित्रहो, शेवटच्या शब्दापर्यंत आपण समजतो की ही घरातली नेहमीची कामं. आणि मग कळतं की हा पुरुष आहे! बायको गेलेला, चार लेकरांची आई झालेला खाणकामगार! किती थोर हृदय!"

सगळा मांडव ह्यू रॉबर्ट्सकडे वळला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि मुलं चार होती. बिचारा ह्यू कानापर्यंत लाल झाला. त्याला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं आणि मुलं त्याची बहीण सांभाळत होती. पण शेजारचे त्याची पाठ थोपटू लागले, तेव्हा तोही थोडा रडला.

तुतारी वाजली. "कोणीतरी उभं राहावं!" साहेब गरजले.

अशा नावाची गंमत अशी की प्रत्येकानं दुसऱ्याकडे पाहिलं. मग तिसऱ्या बाकावर काळी टोपी वर आली.

"प्रिचर्डसाहेब," मार्गेदबाई शांतपणे म्हणाल्या, "शेवटच्या ओळीत एक एल राहिलाय."

"कुठला एल?"

"हाताचा. ह्लाव." आणि त्यांनी ती फुंकर अशी सोडली की मांडवाच्या मागच्या टोकाला ऐकू गेली. तिचा हात.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "इथं एकच आहे. एका एलनं तर सगळी कविता फिरली. तो पुरुष आहे म्हणूनच तर... बाईनं पीठ मळलं तर त्यात..."

आणि ते मध्येच थांबले. 'त्यात काय' हे त्यांनी म्हटलं नाही, पण मांडवात प्रत्येकाला ते ऐकू गेलं. मार्गेदबाई उभ्याच होत्या.

ट्वुम नियमांचं पुस्तक घेऊन उठला. जी कविता आली ती या बाईंची नाही, आणि जी या बाईंची आहे ती आलीच नाही. कमिटीचे चार लोक डोकी एकत्र करून कुजबुजले आणि म्हणाले की नियम तो नियम. खुर्ची दुसऱ्या आलेल्या डोंगरच्या गरुडाला. मी कधी उभा राहिलो ते मला कळलं नाही. "चूक माझी आहे!" मी इंग्रजीत ओरडलो. "कविता मी उतरवली. एल मी गाळला. मला वाटलं बाईंचीच चूक झाली!"

"परक्या माणसाचं मत इथं चालत नाही," कमिटीतला एक म्हणाला आणि मी खाली बसलो.

ट्वुमला मंचावर नेलं. खुर्चीत बसवण्याआधी तिथं एक रिवाज आहे. दोन दांडगी माणसं कवीच्या डोक्यावर मोठी तलवार अर्धी म्यानाबाहेर ओढून धरतात आणि सभेला तीनदा विचारतात, शांतता आहे का? सभा तीनदा म्हणते, शांतता! मग तलवार म्यानात जाते. आजवर कुणी दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं.

"शांतता आहे का?"

"शांतता," पुरुषांच्या बाजूनं आवाज आला. बायकांच्या बाजूला फक्त सुया वाजत होत्या.

"शांतता आहे का?"

सुया थांबल्या. पहिल्या बाकावरून कात्रिन म्हणाली, "नाही."

तलवार धरणारे तसेच राहिले. साहेब खाली वाकून म्हणाले, "कात्रिन, अहो, तुमचा मुलगा आहे हा."

"मला माहीत आहे. पन्नास वर्षं त्याला खायला कोण घालतंय?" म्हातारीनं मोजा मांडीवर ठेवला. "शांतता नाही."

"नाही," मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी. मग सगळी बाजू. ह्यूच्या बहिणीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तलवारीला पुढं जाता येईना की मागं, आणि धरणाऱ्यांचे हात कापायला लागले. खाली ट्वुम मान आखडून उभा होता. माझ्या हनुवटीला बरं वाटलं.

प्रिचर्डसाहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्यांच्याविषयी एवढं म्हटलं पाहिजे की माणूस हट्टी होता, खोटा नव्हता. "मित्रहो," ते म्हणाले, "या कवितेला मी रडलो. तुम्ही पाहिलंत. मला वाटलं पीठ मळणारा पुरुष आहे, आता कळलं बाई आहे. पीठ तेच आहे. रडलेलं मला परत घेता येत नाही. आणि उतरवणाऱ्यानं भर सभेत चूक कबूल केली आहे. लेखनिकाचा दोष कवीच्या माथी मारणं हा आपला नियम नाही." त्यांनी खिशातून पेन्सिल काढून कागदावर एक उभी रेघ ओढली. मग मंचावरून उतरले, तिसऱ्या बाकापाशी गेले आणि हात पुढं केला. बाईंना हाताला धरून त्यांनी मंचावर ट्वुमच्या जागी नेऊन उभं केलं आणि स्वतःच तिसऱ्यांदा विचारलं,

"शांतता आहे का?"

"आता आहे," कात्रिन म्हणाली आणि तिनं सुया उचलल्या. पुढच्या गजरात मांडवाचं कापड हललं असं मला वाटलं. ट्वुमसुद्धा ओरडत होता. मान मोकळी झाली होती ना!

ऑगस्टात माझं वर्ष संपलं. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला पोस्टात गेलो. खुर्ची काउंटरमागं ठेवली होती आणि बाई तीत बसून तिकिटं विकत होत्या. ती इतकी खोल होती की समोरून फक्त टोपी दिसे.

"मार्गेदबाई, त्या एलबद्दल मला अजून..."

"खण उघडा."

खणात जुने कागद होते. त्यांच्याच अक्षरातले, पिवळट. समासात परीक्षकांनी इंग्रजीत शेरा मारला होता, 'चुलीपलीकडे दृष्टी जात नाही'. वाचता येत नसलं तरी नजरेला ओळखीच्या ओळी सापडत गेल्या. पीठ मळणारी ओळ. दिव्याची ओळ. मी त्या नक्षीसारख्या काढल्या होत्या.

"हीच? दोन वर्षांपूर्वीची?"

"चार ओळी बदलल्या. विषय वेगळा होता ना."

मला हळूहळू उजेड पडत होता. "आणि माझी प्रत... तुम्ही ती बोट फिरवून वाचली होती. शेवटच्या पानावर थांबला होतात."

"मी टपाल खात्यातली बाई आहे. नुसता पत्तासुद्धा तीनदा वाचल्याशिवाय पाकीट चिकटवत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! आणि मी दहा दिवस उपाशी..."

"दोन पुडिंगं खाल्लीत मंगळवारी," बाई म्हणाल्या. "तुम्ही एल गाळलात, मी तो जपून ठेवला. वेळेवर काढायला."

बाहेर स्टेशनची गाडी येऊन थांबली होती. मी ट्रंक उचलली. दारात पोचलो तेव्हा मागून खुर्ची करकरली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"जपून जा," त्या म्हणाल्या, "मिस्टर खळे."

मी वळलो. ळ होता. हेदवीच्या विहिरीवर ऐकू यावा तसा, जाड, गोल, अस्सल ळ.

"हा कधी जमला तुम्हाला?"

"मार्चमध्येच," मार्गेदबाई म्हणाल्या आणि पुन्हा खुर्चीत बसल्या.